वारा फुकट आहे, पवनचक्की नाही

प्रश्न: मी पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. बचतीतला साधारण एक तृतीयांश पैसा सौर आणि पवनऊर्जेची वीज विकणाऱ्या, लाभांश देणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावा असं मनात आहे. भाव वाढावा अशी हाव नाही. दर तिमाहीला खात्यात पैसे यावेत आणि त्यावर घरखर्च निघावा, एवढंच. ऊन फुकट, वारा फुकट, कोळसा विकत घ्यायचा नाही, करार वीस-वीस वर्षांचे, आणि वीज तर सगळ्यांनाच लागते. मग लाभांश थांबेलच कसा? दोन कंपन्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली जुनी आहे, तिच्याकडे तारांचं जाळं आहे आणि स्वतःचे पवन-सौर प्रकल्पही आहेत. तिचा लाभांश भावाच्या साडेतीन टक्के पडतो. दुसरीकडे फक्त पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत, आणि तिचा लाभांश नऊ टक्के पडतो. माझा भाऊ म्हणतो, नऊ सोडून साडेतीन घेणं हा वेडेपणा आहे. मुलगी म्हणते, दोन्ही नकोत. माझं मन दुसरीकडे ओढ घेतं, कारण धूर न सोडणाऱ्या कामात आपला पैसा लागावा असं नातवाकडे बघून वाटतं. काय करू?

उत्तर: ताई, 'मग लाभांश थांबेलच कसा?' या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मला पडला होता, आणि उत्तर न शोधताच मी एका वीजनिर्मिती कंपनीचे शेअर घेतले होते. वारा वाहत होता, पाती फिरत होती, वीज विकली जात होती, आणि तरीही दोन वर्षांत लाभांश निम्म्यावर आला. मग वार्षिक अहवाल नीट वाचायला घेतला. कारण त्यात आधीपासूनच छापलेलं होतं, कर्जफेडीच्या कोष्टकात, मी कधी न उघडलेल्या पानावर. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

निर्णय आधी सांगतो. दुसऱ्या कंपनीत बचतीचा तिसरा हिस्सा घालू नका. पहिलीत घालायला हरकत नाही, पण तोही एवढा मोठा हिस्सा नको आणि एका दमात नको. ज्या पैशावर घर चालणार आहे तो यातल्या कुठेच नको.

आता ऊन-वाऱ्याबद्दल. ते फुकट आहेत हे खरंच. कोळशाच्या केंद्रात जसजशी वीज बनते तसतसा इंधनाचा खर्च होत जातो. पवनचक्कीचं उलट आहे. पहिलं युनिट बनण्याआधीच जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो, आणि तो बहुतेक कर्ज काढून केलेला असतो. प्रकल्पाच्या किमतीतला ६० ते ८० टक्के भाग कर्जाचा असणं या धंद्यात नेहमीचं आहे. म्हणून या कंपन्यांचं खरं इंधन म्हणजे उसना पैसा, आणि त्या इंधनाचा भाव म्हणजे व्याजदर.

वीज विकून आलेला पैसा कोणाकोणाच्या हातातून तुमच्यापर्यंत येतो ते पाहा. आधी देखभाल, जागेचं भाडं, विमा आणि कर. मग कर्जाचं व्याज. मग मुद्दलाचा हप्ता. मग कर्ज देणाऱ्याने सक्तीने बाजूला ठेवायला लावलेली राखीव रक्कम. हे सगळं भागल्यावर उरेल ते भागधारकांचं. त्यातही कर्जाच्या करारात बहुधा एक अट असते: प्रकल्पाची कमाई हप्त्याच्या ठरावीक पटीपेक्षा खाली आली, तर प्रकल्पातून वर मूळ कंपनीकडे पैसा पाठवायचाच नाही. प्रकल्प नफ्यात असतो, वीज चालू असते, आणि लाभांशाची वाट मात्र बंद होते. या रांगेत तुम्ही सगळ्यात शेवटी उभ्या आहात.

व्याजदर चढले की काय होतं हे जगाने नुकतंच पाहिलं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्यावर होता. जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोहोचला. नेक्स्टएरा एनर्जी पार्टनर्स ही पवन-सौर प्रकल्प बाळगून त्यांची कमाई वाटणारी कंपनी तोवर सांगत होती की वाटप दरवर्षी १२ ते १५ टक्क्यांनी वाढवू. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने हे लक्ष्य ५ ते ८ टक्क्यांवर आणलं आणि त्या एका दिवसात भाव साधारण पाचव्या हिश्शाने पडला. वाटप तेव्हा बंद झालेलं नव्हतं, ते फक्त हळू वाढणार होतं. भाव पडल्यावर पडद्यावरचं यील्ड, म्हणजे लाभांश भावाच्या किती टक्के पडतो तो आकडा, दोन आकडी दिसू लागलं. तुमच्या भावासारखा विचार करून कितीतरी लोक तेव्हा आत शिरले असतील. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने वाटप पूर्ण थांबवलं आणि नावही बदलून एक्सपीएलआर इन्फ्रास्ट्रक्चर केलं. वारा थांबला नव्हता. जुन्या गुंतवणूकदारांचे हिस्से ठरल्या मुदतीत परत विकत घ्यायचे होते आणि त्यासाठी स्वस्त पैसा मिळेनासा झाला होता.

यील्ड म्हणजे भागाकार, ताई. वर लाभांश, खाली भाव. नऊ टक्के दिसतात ते लाभांश मोठा आहे म्हणूनही असतील, किंवा भाव कोसळलाय म्हणूनही. आणि वरचा आकडा मागच्या वर्षीचा असतो, खालचा आजचा. भाव ठरवणारी माणसं पुढच्या वर्षाकडे बघत असतात. एखादी कंपनी तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या दुपटीने देताना दिसली, तर बाजाराला तो लाभांश टिकेल असं वाटत नाही, असं धरून चौकशी सुरू करावी. कधीकधी बाजार चुकतो. पण तो कुठे चुकतोय हे दाखवता आलं पाहिजे, आणि ते दाखवायची जबाबदारी आपली.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात, सौर प्रकल्पाचं २५ ते ३०. पॅनेलची क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटत जाते. म्हणजे या कंपनीकडे जे आहे ते संपणारं आहे. हिशेबात यालाच घसारा म्हणतात. घसाऱ्यामुळे नफा लहान दिसतो, पण तेवढी रोकड त्या वर्षी बाहेर गेलेली नसते. म्हणून कंपन्या सांगतात की नफ्याकडे पाहू नका, वाटण्याजोगी रोकड पाहा. यात तथ्य आहे. नफ्याच्या दीडपट लाभांश दिसला म्हणून लगेच दचकायचं कारण नाही. पण अर्धंच सत्य आहे ते. चक्की खरोखर झिजते आहे. सगळी रोकड वाटून टाकली तर पंचवीस वर्षांनी नवी चक्की कशातून उभी राहणार?

कागदावर मांडून पाहू. समजा तुम्ही १०० घातले. दरवर्षी ७ मिळाले, असं २५ वर्षं चाललं, आणि शेवटी प्रकल्प भंगारात जाऊन हाती शून्य उरलं. पाहणाऱ्याला वाटतं सात टक्के मिळाले. प्रत्यक्षात त्या सातात तुमचंच मुद्दल तुकड्यातुकड्याने परत येत होतं, आणि खरी कमाई वर्षाला पाच टक्क्यांहून किंचित कमी पडते. आता तुमची नऊ टक्केवाली कंपनी घ्या. तिच्या करारांची सरासरी १५ वर्षं उरली आहेत आणि पुढचं काहीच धरायचं नाही असं समजा. १०० वर दरवर्षी ९, पंधरा वर्षं, शेवटी शून्य. खरी कमाई येते चार टक्के. भाऊ ज्याला नऊ म्हणतोय ते चार निघाले! शेवटी शून्यच उरेल असं नाही, हे कबूल. जमीन, वीजवाहिनीची जोडणी आणि परवाने यांना किंमत असते. जुन्या जागी नव्या, मोठ्या चक्क्या बसवता येतात. पण त्यासाठीही पैसा लागतो, आणि तो वाटलेल्या लाभांशातून परत येत नाही. म्हणून नऊ टक्क्यांची तुलना ठेवीच्या व्याजाशी करू नका. ठेवीत शेवटी मुद्दल तसंच परत मिळतं.

साडेतीन टक्के देणारी कंपनी कमावते त्यातला मोठा भाग ठेवून घेते आणि नव्या तारा, नवे प्रकल्प यांत घालते. ते काम चांगलं झालं तर दहा वर्षांनी लाभांश वाढलेला असतो. दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर आज साडेतीन असलेला लाभांश तुमच्या आजच्या खरेदीभावावर बाराव्या वर्षी सातच्या घरात जातो. तो वाढेलच याची हमी नाही. तरीही साडेतीन आणि नऊ या दोन आकड्यांची झुंज लावणं म्हणजे वाढतं झाड आणि सरपणाची मोळी एकाच काट्यावर तोलणं.

आता तुमचे 'वीस-वीस वर्षांचे करार'. कराराला दोन बाजू असतात, आणि दुसऱ्या बाजूला कोण आहे हे पाहावंच लागतं. कॅलिफोर्नियातल्या पीजी अँड ई या प्रचंड वीज कंपनीने वणव्यांच्या नुकसानभरपाईच्या ओझ्याखाली जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिला वीज विकणाऱ्या सौर प्रकल्पांचं काम बिनचूक चालू होतं. तरीही त्या प्रकल्पांतला पैसा वर यायचा थांबला आणि त्यातल्या काही प्रकल्पांची मालक असलेल्या क्लिअरवे एनर्जीने आपला तिमाही लाभांश सुमारे ४० टक्क्यांनी कापला. पीजी अँड ई २०२० मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आली, करार शाबूत राहिले, आणि क्लिअरवेने लाभांश पुन्हा वर नेला. ज्यांचं घर त्या लाभांशावर चालत नव्हतं त्यांना थांबता आलं. ज्यांचं चालत होतं त्यांना पडलेल्या भावात विकावं लागलं असेल. घरखर्चाचा पैसा यात नको असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

दुसऱ्या बाजूला सरकार असलं तरी निश्चिंत राहता येत नाही. स्पेनने सौरविजेला घसघशीत दर देऊ केले, लोकांनी धडाधड प्रकल्प उभारले, तिजोरीला ते झेपेना, आणि २०१३ मध्ये नियमच बदलले. आधी उभ्या राहिलेल्या प्रकल्पांनाही 'वाजवी परतावा' ठरवून दिला गेला, करापूर्वी ७.३९८ टक्के. जुन्या दरावर विसंबून कर्ज काढलेल्यांचं गणित कोलमडलं, आणि परदेशी गुंतवणूकदारांनी स्पेनवर लवाद दाखल केले. कराराचा दर आजच्या बाजारभावापेक्षा फारच वर असेल, तर तो तसाच राहील हे गृहीत धरू नये, असं मी यातून शिकलो.

वाऱ्याचंही बघा. तो फुकट आहे, पण नेमाने येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात उत्तर युरोपात वारा नेहमीपेक्षा मंद राहिला आणि मोठमोठ्या कंपन्यांची निर्मिती अंदाजाच्या बरीच खाली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली. पात्यांवर बर्फ साचून चक्क्या बंद पडल्या, आणि ज्यांनी ठरावीक वीज देण्याचं वचन दिलं होतं त्यांना ती बाजारातून मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरपर्यंतच्या भावाने विकत घेऊन द्यावी लागली. मेगावॉट-तास म्हणजे हजार युनिट, म्हणजे युनिटला ९ डॉलर! कंपनीचा अंदाज वाचताना 'पी ५०' आणि 'पी ९०' हे शब्द दिसतील. पी ५० म्हणजे ज्या आकड्याच्या वर निर्मिती जाण्याची शक्यता निम्मी आहे, आणि खाली राहण्याचीही निम्मीच. पी ९० म्हणजे दहातली नऊ वर्षं निर्मिती ज्याच्या वर राहील असा सावध आकडा. कर्ज देणारे सहसा पी ९० धरून हप्ता ठरवतात. कंपनी लाभांशाचं स्वप्न पी ५० वर दाखवत असेल, तर निम्मी वर्षं ते अपुरं पडणार हे त्यातच लिहिलेलं आहे.

करार संपल्यानंतरचं चित्रही बदलतंय. दुपारी सगळ्यांचीच सौर पॅनेलं एकाच वेळी वीज ओततात आणि भाव पडतात. जर्मनीच्या घाऊक बाजारात २०२४ साली ४५७ तास विजेचा भाव शून्याखाली होता. म्हणजे वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी स्थिती. करार असेपर्यंत हे तुमच्या कंपनीला फारसं जाणवत नाही. संपल्यावर मात्र आजचाच दर मिळेल असं मानणं धाडसाचं आहे. ज्यांच्याकडे बॅटरीचा साठा आहे किंवा जलविद्युत आहे त्यांची स्थिती यात बरी, कारण संध्याकाळी भाव चढतो तेव्हा त्यांना विकता येतं.

प्रकल्प बांधणाऱ्या कंपनीची जोखीम आणखी वेगळी असते, कारण दर आधी ठरतो आणि खर्च नंतर होतो. डेन्मार्कची ऑर्स्टेड एकेकाळी तेल-वायूत होती. २०१७ मध्ये तो धंदा विकून तिने नाव बदललं आणि समुद्रातल्या पवनऊर्जेत ती जगात आघाडीवर गेली. निम्म्याहून जास्त मालकी डेन्मार्क सरकारची. यापेक्षा भरवशाचं काय असणार, असं कोणालाही वाटलं असतं. नोव्हेंबर २०२३ च्या सुमारास तिने न्यू जर्सीजवळचे ओशन विंड हे दोन प्रकल्प सोडून दिले. व्याज वाढलं होतं, यंत्रसामग्रीचा पुरवठा अडला होता, खर्च आवाक्याबाहेर गेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षांचा लाभांश रद्द केला. २०२५ मध्ये ६० अब्ज डॅनिश क्रोनर उभारण्यासाठी तिला भागधारकांपुढेच हात पसरावा लागला. ज्यांनी लाभांशासाठी शेअर घेतले, त्यांच्याकडेच पैसे मागायची वेळ आली.

हे वाचून तुम्ही मुलीच्या बाजूला झुकाल, तर जरा थांबा. पहिल्या कंपनीबद्दल माझं मत बरं आहे आणि त्याला कारण आहे. तारांच्या जाळ्याची कमाई नियामक ठरवतो. किती भांडवल गुंतलंय आणि त्यावर किती परतावा द्यायचा हे ठरवून तो ग्राहकांचे दर बांधून देतो. वारा पडो, दुपारी भाव कोसळो, तारांचं भाडं चालूच राहतं. ते भाडं लाभांशाला आधार देतं आणि पवन-सौर प्रकल्प वाढ देतात. स्पेनची इबरड्रोला किंवा अमेरिकेची नेक्स्टएरा एनर्जी यांची बांधणी साधारण अशी आहे. (ही नावं बांधणी कळावी म्हणून घेतली. ती खरेदीची शिफारस समजू नका.)

नेक्स्टएराचा एक जुना प्रसंग मला फार बोलका वाटतो. तेव्हा तिचं नाव एफपीएल ग्रुप होतं. मे १९९४ मध्ये या सुदृढ कंपनीने आपण होऊन तिमाही लाभांश ६२ सेंटवरून ४२ सेंटवर आणला. कमाईतला फार मोठा वाटा आपण वाटतो आहोत आणि पुढे स्पर्धा येणार आहे, हे तिच्या चालकांनी आधी ओळखलं होतं. भाव त्या दिवशी जोरात आपटला. पण वाचलेला पैसा कामाला लागला, आणि पुढच्या काळात लाभांश वर्षानुवर्षं वाढत गेला. म्हणून लाभांश कापला की कंपनी वाईट, असं मी मानत नाही. कर्ज काढून किंवा नवे शेअर विकून जुना लाभांश ओढून नेणारी कंपनी मला जास्त धोक्याची वाटते.

पण तारांचं जाळं म्हणजे कवचकुंडलं असंही नाही. कॅनडाच्या अल्गॉनक्विन पॉवरकडे नियंत्रित दरांचा धंदाही होता आणि पवन-सौरही. तिच्या कर्जाचा बराच भाग बदलत्या व्याजदराचा होता. दर चढले आणि जानेवारी २०२३ मध्ये लाभांश ४० टक्क्यांनी कापला गेला. २०२४ मध्ये पवन-सौर धंदा विकायला काढताना तो पुन्हा कापला.

म्हणून तुम्ही पाहून ठेवलेल्या दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल घ्या आणि सगळ्यात आधी कर्जाची टीप उघडा. कोणत्या वर्षी किती कर्ज फेडायचं किंवा नव्याने उभं करायचं आहे, आणि त्यातलं किती बदलत्या व्याजाचं आहे, हे तिथे असतं. येत्या तीन वर्षांत मोठा ढीग असेल आणि जुनं कर्ज स्वस्तातलं असेल, तर नवं कर्ज महाग पडणार आणि ते लाभांशातून जाणार. मग करारांची सरासरी किती वर्षं उरली आहेत ते पाहा. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. करार आधी संपत असतील आणि कर्ज नंतर, तर मी ती कंपनी तिथेच सोडून देतो. त्यानंतर रोकड: वाटण्याजोग्या रोकडीतला किती भाग वाटला जातो? दहातले नऊ-साडेनऊ भाग वाटले जात असतील, तर एक मंद वाऱ्याचं वर्षही झेपणार नाही. सात-आठ भाग वाटत असेल तर श्वास घ्यायला जागा आहे. आणि शेअरची संख्या पाच वर्षांत किती वाढली तेही बघा. दरवर्षी नवे शेअर विकून प्रकल्प घेणाऱ्या कंपनीचं चाक भाव चढा असेपर्यंतच फिरतं. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत अशा वाटपप्रधान कंपन्यांची लाट आली होती. त्यातल्या टेराफॉर्म पॉवरची जनक कंपनी सनएडिसन एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, ती अशाच अतिविस्ताराने.

परदेशी कंपनी असेल तर लाभांशावर तिथे आधी कर कापला जातो आणि चलनाच्या चढउताराची भर पडते, हे हिशेबात धरा. आणि लाभांश जवळ आलाय म्हणून घाईने खरेदी करू नका. लाभांशाच्या हक्काची तारीख, म्हणजे ज्यानंतर शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती, उलटली की भाव साधारण तेवढाच खाली येतो.

आता तुमच्या पैशाचं. निवृत्तीनंतरच्या निदान पाच वर्षांच्या खर्चाला पेन्शनखेरीज जे लागेल, ते ठेवी आणि भरवशाच्या रोख्यांत ठेवा. त्याला हात लावू नका. उरलेल्यातून या क्षेत्राला एकूण बचतीचा दहावा हिस्सा, फार तर थोडा वर. तोही दीड-दोन वर्षांत सहा-आठ वेळा विभागून, आणि एकाच कंपनीत नाही. चार-पाच कंपन्यांचे अहवाल वाचायचा कंटाळा असेल, तर या क्षेत्राचा कमी खर्चाचा फंड बरा. पहिली दोन-तीन वर्षं आलेला लाभांश खर्चू नका, पुन्हा गुंतवा. तेवढ्यात तो टिकतो की नाही हेही कळेल. दुसऱ्या कंपनीची ओढ सुटतच नसेल, तर त्या दहाव्या हिश्शातला दहावा भाग तिला द्या. बुडाला तरी झोप उडणार नाही एवढाच.

नातवाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला भिडलं. म्हणूनच सांगतो. बाजारातून शेअर घेता तेव्हा तुमचे पैसे कंपनीला मिळत नाहीत, तो शेअर विकणाऱ्याला मिळतात. नवा प्रकल्प उभा राहायला थेट हातभार लावायचा असेल, तर कंपनी नवे शेअर किंवा हरित रोखे (अशा प्रकल्पांसाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) विक्रीला काढते तेव्हा घ्यावे. रोख्यात एक फायदा आणखी आहे. मघाच्या रांगेत तुम्ही शेवटून पुढे सरकता, कारण व्याज लाभांशाच्या आधी दिलं जातं. तुमच्या गरजेला, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम, चांगल्या कंपनीचा रोखा तिच्या शेअरपेक्षा जास्त जवळचा आहे. मुलीला हे दाखवा, तिचाही विरोध मावळेल असं मला वाटतं.

भावाशी वाद घालू नका. त्याच्यासमोर त्या नऊ टक्केवाल्या कंपनीचा अहवाल ठेवा आणि कर्जफेडीचं कोष्टक त्यालाच शोधायला सांगा. सापडलं की दोन आकडे मला कळवा: येत्या तीन वर्षांत किती कर्ज फेडायचं आहे, आणि करारांची सरासरी किती वर्षं उरली आहेत. पुढचं आपण मिळून पाहू.